पस्तिशी-चाळिशीनंतर आई-बाबा व्हायचंय? बेळगाव भागातल्या जोडप्यांनी काय काय करायचं, सगळं क्रमानं

आपल्याकडं आता लग्नंच उशिरा होऊ लागलीत. खानापूर, येळ्ळूर, निपाणी, चिक्कोडी, कुठंही जावा, शेती सांभाळणाऱ्या पोराला पस्तिशी आली तरी मुलगी मिळत नाही, पोरी शिकून पुण्याला नोकरीला लागतात, कोण गोव्यात, कोण दुबईत, कोण मिलिटरीत, आणि मग दोघं एका छपराखाली येईपर्यंत तिचं पस्तीस आणि त्याचं चाळीस उजाडतंय. काहींचं दुसरं लग्न असतंय, काहींनी आधी भावंडांची लग्नं केलेली असतात. मी स्वतः एकोणचाळिसाव्या वर्षी आई झाले, नवरा तेव्हा चव्वेचाळीसचा. दवाखाना, अंगणवाडी, बँक, महापालिका, सगळीकडं जे जे करावं लागलं आणि जे विचारून वाचून कळलं ते इथं लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पंचविशीतल्या जोडप्याला एक झालं की दुसरं असं निवांत करता येतंय, आपल्याला नाही. या वयात दोन-तीन कामं बरोबरच सुरू करायची असतात. तिची तपासणी चालू असताना त्याची पण, उपचार चालू असताना दत्तकची नोंदणी पण, आणि पोटात बाळ असतानाच पैशाचं नियोजन पण. खाली पायऱ्या लिहिल्यात, पण त्यातल्या बऱ्याच एकाच महिन्यात सुरू होतात हे ध्यानात ठेवून वाचा.

पायरी १ : दोघांनी बसून मर्यादा ठरवा

बाईच्या शरीरात बीजं जन्मापासूनच ठरावीक असतात, नवीन तयार होत नाहीत, आणि पस्तिशीनंतर ती संख्येनं आणि गुणानं दोन्हीकडून झपाट्यानं कमी होतात. म्हणून डॉक्टरांचा साधा नियम असा की पस्तीसच्या आत असाल तर वर्षभर आपले आपण प्रयत्न करून मग दवाखान्यात जावा, पस्तीसच्या पुढं सहा महिन्यांतच जावा, आणि चाळीस ओलांडली असेल तर थांबायचंच नाही, ठरवलं की पहिल्या महिन्यातच तपासणी. पाळी अनियमित असेल, आधी ओटीपोटाचं ऑपरेशन किंवा टीबी झाला असेल तर वय कितीही असो, लगेच.

त्या आधी घरात दोघंच बसा, सासू-सासरे, नणंद, मावशी कोणी नको. वहीत लिहा की किती महिने प्रयत्न करायचे, उपचारावर जास्तीत जास्त किती पैसा घालायचा, दुसऱ्या बाईचं बीज घ्यायची वेळ आली तर चालेल का, दत्तक चालेल का. ही बोलणी उपचाराच्या मध्यावर निघाली की भांडणं होतात, कारण तेव्हा अंगात इंजेक्शनं असतात आणि डोक्यावर कर्ज असतंय.

पायरी २ : तपासणी दोघांची, एकाच आठवड्यात

आपल्याकडं अजून सुनेलाच दवाखान्यात नेतात. वर्ष वर्ष तिचीच औषधं चालतात आणि नवऱ्याची साधी तपासणी कुणी केलेली नसते. मला याची खरंच चीड येते, कारण साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीनं असतंय, आणि त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सोपी. वीर्यतपासणी, बास. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, रिपोर्ट बहुतेक त्याच दिवशी. कमी आलं तर घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी परत करायची, एका रिपोर्टवर काही ठरत नाही.

शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळं आज गुटखा, मावा, सिगरेट, दारू सोडली तर फरक तीन महिन्यांनी दिसतो, म्हणजे सोडायचं ते आजच. उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टीजवळ काम करत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, सततच्या उष्णतेचा शुक्राणूंवर परिणाम होतो. निपाणी भागात तंबाखूचं किंवा बिडी वळायचं काम करणाऱ्या बायकांनीपण सांगावं, तंबाखू हाताळताना निकोटीन कातडीतून आणि धुळीतून अंगात जातं. पुरुषाचं वयही मोजलं जातंय बरं का. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढं गर्भ राहायला वेळ जास्त लागतो आणि गर्भपाताची शक्यता थोडी वाढते.

तिच्या तपासण्या म्हणजे एएमएच (रक्ताची), पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सोनोग्राफी करून बीजं मोजणं, थायरॉईड, तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन, बीपी, रुबेला, आणि नळ्या उघड्या आहेत का बघायचा एक्सरे. एएमएच कमी आलं की बायका रडत बाहेर येतात. ऐका, एएमएच बीजं किती शिल्लक आहेत एवढंच सांगतं, ती कशी आहेत ते सांगत नाही, आणि महिन्याला लागतंय एकच. कमी एएमएचचा अर्थ 'होणार नाही' असा नाही, 'आता वेळ घालवू नका' असा घ्यायचा.

पायरी ३ : शरीर तयार करा

ही पायरी छोटी आहे. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून, तीन महिने आधी मिळाले तर उत्तम. शुगर असेल किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर डोस मोठा लागतो, तो डॉक्टर ठरवतील. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नाहीत. बीपीची, फिटची, शुगरची गोळी चालू असेल तर ती गरोदरपणात चालते का ते आधीच विचारा, काही गोळ्या बदलाव्या लागतात. दात दाखवून घ्या. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फायदा होतो, फार उपास-तापास नको.

पायरी ४ : नवरा लांब असेल तर

बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं गाव, आपल्या गल्लीगल्लीत फौजी आहेत. रजा वर्षातून ठरावीक, त्यात अर्धा वेळ यात्रा, लग्नं, घराची डागडुजी यात जातो आणि नेमके दिवस निघून जातात. महिन्यात गर्भ राहण्याचे दिवस साधारण सहाच असतात, बीज सुटायच्या आधीचे पाच आणि सुटतं तो एक. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, पण प्रत्येकीचं मागं-पुढं असतंय. तीन-चार महिने पाळीच्या तारखा लिहून ठेवा, मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशनची (बीज सुटायची वेळ सांगणारी) पट्टी मिळते ती वापरा, आणि रजेचा अर्ज त्या तारखा बघून टाका. गोवा-दुबईवाल्यांनापण हेच. आणि रजा अगदीच जमत नसेल तर वीर्य गोठवून ठेवता येतं, ही सोय माहीत नसल्यानं लोकांची वर्षं गेलीत. फौजींनी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये काय उपचार मिळतात त्याची चौकशी आधी करावी, खाजगीत पैसे घालायच्या आधी.

पायरी ५ : उपचार, आणि कुठं थांबायचं

साध्या गोळ्या, मग आययूआय (वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडणं), मग आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) असा चढता क्रम असतो. तरुण जोडप्यांत प्रत्येक पायरीवर सहा-सहा महिने घालवतात, पण चाळीसच्या जवळ असाल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "आमच्या वयाला आययूआय किती वेळा करण्यात अर्थ आहे, का थेट पुढं जायचं?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाही तर बऱ्याचदा कुणी आपणहून काढत नाही.

आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधे मधे सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढणं, लॅबमध्ये गर्भ तयार करणं आणि तो आत सोडणं. एका सायकलला, म्हणजे या सगळ्याच्या एका खेपेला, सगळं धरून साधारण दीड ते अडीच लाख जातात. यश तिच्या वयावर असतंय. पस्तीसच्या आत चांगलं, चाळीसनंतर उतरतं, आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढं स्वतःच्या बीजावर शंभरात पाचाच्या आसपासच बायकांना बाळ होतंय. दुसऱ्या तरुण बाईचं बीज घेतलं तर शक्यता बरीच वाढते, म्हणूनच पहिल्या पायरीत तो प्रश्न वहीत लिहायला सांगितला.

कायदा पण माहीत पाहिजे. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असेल तरच हे उपचार करता येतात. सेंटर नोंदणीकृत आहे का ते विचारा, सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं. मग हे विचारा: माझ्या वयाच्या बायकांत तुमच्याकडं हातात बाळ किती जणींच्या आलं (नुसती 'टेस्ट पॉझिटिव्ह' नको), औषधं धरून खर्च किती, सायकल मधेच थांबली तर पैसे किती परत, गर्भ किती सोडणार. जुळं म्हणजे एका खर्चात दोन असं आपल्याकडं कौतुकानं बोलतात, पण चाळिशीतल्या बाईला जुळं पोटात वाढवणं म्हणजे बीपी, शुगर, अकाली बाळंतपण सगळ्याचा धोका वाढवून घेणं, शक्य असेल तिथं एकच गर्भ सोडायला सांगा.

काही जण कोल्हापूर, मिरज, गोव्याला जातात. जावा, पण लांबच्या सेंटरला फक्त मोठ्या कामासाठी. सोनोग्राफी आणि रक्त बेळगावातच करून रिपोर्ट पाठवता येतात का ते ठरवून घ्या, नाहीतर प्रवासातच माणूस थकतं. सगळे कागद एका फाईलमध्ये, तारखेप्रमाणं, कर्नाटकातला आणि महाराष्ट्रातला डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतात, तुमची फाईल बोलते.

सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलायचा असेल तर जरूर बोला, मनाला मोठा आधार असतो, माझ्या सासूबाईंनीही बोलला होता. फक्त कुणी भस्म, जडीबुटी, पोरगाच होईल असली पुडी दिली तर पोटात घालू नका, त्यात शिसं-पारा असू शकतो. आणि गर्भलिंग तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते विचारायचंच नाही.

वहीत लिहिलेली मर्यादा आली की थांबा. एक सायकल फसली की पुढची होईलच असं वाटत राहतं आणि घर गहाण पडतं.

पायरी ६ : दत्तकची नोंदणी आजच करा

सगळे म्हणतात, आधी उपचार करून बघू, नाही झालं तर दत्तक. यात वर्षं जातात आणि मग वयानं दार बंद होतं. २०२२ च्या दत्तक नियमांत नवरा-बायकोच्या वयाची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर बेरीज ८५ पेक्षा जास्त नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला ९०, चार ते आठला १००, आठच्या पुढं ११०. एकट्या माणसाला हेच आकडे ४०, ४५, ५०, ५५. मुलात आणि तुमच्यात निदान २५ वर्षांचं अंतर लागतं, लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. आता हिशोब करा, ती ४१ आणि तो ४५ म्हणजे ८६, तान्ह्या बाळाची रांग गेली. एक वर्ष आधी नोंदवलं असतं तर बसत होतं, कारण नोंदणीच्या तारखेचं वय धरतात.

नोंदणी 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन होते. कागद अपलोड केल्यावर समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात, तो अहवाल तीन वर्षं चालतो, आणि शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देतात. लहान निरोगी बाळासाठी सध्या तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं, म्हणूनच उपचाराबरोबर नोंदवायचं. मधेच तुम्हाला दिवस राहिले तर नाव काढता येतं. दवाखान्यातून परस्पर, ओळखीनं, पैसे देऊन बाळ घेणं हा गुन्हा आहे, असल्या माणसाच्या जवळपास जाऊ नका, पुढं बाळ हातातून काढून घेतलं जातंय.

पायरी ७ : दिवस राहिल्यावरचं वेळापत्रक

आधी खरं ते सांगते. चाळिशीत साधारण तीनातल्या एकीचा गर्भ पडतो, बहुतेक वेळा गर्भातच दोष असतो म्हणून, बाईनं जिना चढला किंवा पपई खाल्ली म्हणून नाही. पडला तर तिला काहीही ऐकवू नका, आणि तिनंही स्वतःला.

डाउन सिंड्रोमचं (जन्मजात दोष, त्यात मुलाची वाढ आणि बुद्धी मागं राहते) बाळ असण्याची शक्यता पंचविशीत साधारण १२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. म्हणजे चाळिशीतही ९९ बाळांना तो दोष नसतो, पण तपासणी चुकवायची नाही. अकरा ते पावणेचौदा आठवड्यांत एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची), दहा आठवड्यांनंतर एनआयपीटी (आईच्या रक्तातूनच बाळाच्या डीएनएची) करता येते पण महाग पडते. या सगळ्या फक्त शक्यता सांगतात, पक्कं कळायला गर्भजल किंवा वारेचा तुकडा तपासावा लागतो. अठरा ते वीस आठवड्यांत मोठा स्कॅन. हे वेळेत का, तर कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं गर्भपात होतो, गंभीर दोष असेल तर २४ पर्यंत दोघांच्या, पुढं मेडिकल बोर्ड. साखरेची तपासणी पहिल्या भेटीला आणि परत २४ ते २८ आठवड्यांत.

बीपी हा या वयातला मोठा शत्रू. घरी मशीन घ्या आणि आठवड्यातून दोनदा बघा, १४०/९० च्या वर गेलं, डोकं जोरात दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, बरगडीखाली दुखलं, चेहरा-हात सुजले तर रात्र असली तरी निघायचं. बीपीचा धोका असणाऱ्या बायकांना डॉक्टर पहिल्या तिमाहीच्या शेवटी कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात. यावरच्या सहा देशांतल्या मोठ्या अभ्यासात आपल्या बेळगावचं जेएनएमसी मेडिकल कॉलेज होतं, २०२० साली तो प्रसिद्ध झाला, पहिलटकरणींत अकाली बाळंतपणं त्या गोळीनं कमी झाली. तुम्ही पहिलटकरीण असाल आणि पस्तीसच्या पुढच्या, तर डॉक्टरांना आपणहून विचारा. स्वतःच्या मनानं मात्र सुरू करायची नाही.

आशाताईंकडं नाव नोंदवून तायी कार्ड (कर्नाटक सरकारचं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड) लगेच काढा, खाजगीत दाखवत असाल तरीही, पुढच्या सरकारी योजनांना तेच लागतंय. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये अटीत बसत असाल तर मिळतात, अंगणवाडीत विचारा.

बाळंतपण कुठं करायचं ते सातव्या महिन्यात पक्कं करा. रक्त, चोवीस तास सिझरची सोय आणि नवजात बाळाचा आयसीयू, तिन्ही एकाच ठिकाणी पाहिजेत. तारीख जून ते ऑगस्टमध्ये येत असेल तर पावसाचा विचार करा. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांनी शेवटचे तीन आठवडे शहरातल्या नातेवाइकाकडं राहायला यावं, आणि निपाणीकडच्यांनी फक्त कोल्हापूरच्या भरवशावर राहू नये, २०१९ च्या ऑगस्टमध्ये हायवेच पाण्याखाली गेला होता. चाळिशीत सिझरचं प्रमाण जास्त असतं, ते झालं तर त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ८ : बाळंतपणानंतर माणसं कोण?

विशीतल्या मुलीची आई पन्नाशीची असते, आपली आई सत्तरीची. डिंकाचे, हळिवाचे लाडू ती हौसेनं करेल, पण रात्री दोनला उठून बाळ घेऊन फिरायला तिचे गुडघे ऐकणार नाहीत. शिवाय त्याच वर्षी सासऱ्यांचा मोतीबिंदू नाहीतर वडलांची अँजिओप्लास्टी निघते. म्हणून आठव्या महिन्यातच मालिश-अंघोळीला बाई, स्वयंपाकाला बाई आणि रात्रीची पाळी कोणाची हे ठरवा. नवऱ्यानं रात्रीची एक पाळी घ्यायलाच पाहिजे. नोकरी असेल तर २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा हक्काची असते, खाजगी शाळेतल्या शिक्षिकांनीसुद्धा लेखी मागावी. सारखं रडू येतंय, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरना सांगा, हा आजार आहे आणि बरा होतो.

आता चांगलं सांगते, कारण वरचं वाचून कुणी घाबरून बसेल. या वयात आपल्याला माणसं कळलेली असतात. कोणाच्या बोलण्यानं आपण विरघळत नाही, घराचा हप्ता बराचसा फिटलेला असतो, नवऱ्याला मित्रांबरोबर रोज कट्ट्यावर जायची ओढ राहिलेली नसते. माझा नवरा लेकीला शाळेला सोडून मग दुकान उघडतो, तिच्या वेण्या त्यालाच छान जमतात, आणि पंचविशीत हा माणूस असा नव्हता असं माझ्या जाऊबाईच सांगतात. मला चिडायला पूर्वीपेक्षा फार उशीर लागतो, लेकीनं भिंतभर खडू ओढले तरी आधी काय काढलंय ते बघते. हा निवांतपणा मुलांना जाणवतो हो, मी रोज बघतेय. बाजारात कुणी "नात का?" विचारलं तर "लेक आहे" एवढंच म्हणायचं आणि भाजी घ्यायची.

पायरी ९ : पैसा आणि कागद

वहीत दोन रकाने करा, एकात बाळाचं वय, दुसऱ्यात तुमचं. मूल अठराचं होईल तेव्हा तुम्ही अठ्ठावन्न-साठ, म्हणजे कॉलेजची फी आणि रिटायरमेंट एकाच वर्षात. त्यामुळं टर्म इन्शुरन्स बाळ पोटात असतानाच घ्या (शुगर-बीपी निघाल्यावर हप्ता वाढतो), मुदत मूल पंचवीसचं होईपर्यंत. आरोग्य विम्यात बाळाचं नाव लगेच घाला. मुलगी असेल तर सुकन्या खातं पहिल्याच वर्षी उघडा, पैसे १५ वर्षं भरायचे आणि २१ वर्षांनी मिळतात, उशीर केला की मिळायचं वर्ष पण पुढं जातं. आणि मुलासाठी म्हणून स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे मोडू नका, शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.

जन्म नोंदणी २१ दिवसांत. आपल्या सीमाभागात दाखल्यावर कन्नड आणि इंग्रजीत नाव येतं, आडनाव कधी पुढं कधी मागं, कधी नुसतं इनिशियल. छापायच्या आधी कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि आई-बाबांची नावं आधारप्रमाणंच आहेत ना बघा, उद्या मूल महाराष्ट्रात शिकायला गेलं की हाच दाखला लागणार.

आणि मृत्युपत्र करा, मूल एक वर्षाचं व्हायच्या आत. आपल्या दोघांना काही झालं तर मूल कोणाकडं राहील त्या माणसाला आधी विचारा, त्याचं नाव मृत्युपत्रात लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. विमा आणि बँकेत लहान मुलाचं नाव नॉमिनी म्हणून घालता तेव्हा त्याच्यासोबत एका मोठ्या माणसाचं नाव द्यावं लागतं, तिथंही त्याच माणसाचं द्या. आणि ते माणूस तुमच्यापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान असावं, एखादा भाचा, पुतणी, धाकटी बहीण, जिच्याकडं मूल आत्तापासून सुट्टीला जातंय अशी.